सहा ग्रॅमचा उंडो

माझ्या काकांनी माझी पाल माणसांच्या खांद्यांवर ठरवून पाडायला सुरुवात केली, तेव्हा तिचं वय सात आठवडे होतं आणि वजन सहा ग्रॅम. काकांचं वय एकसष्ट, वजन शहाऐंशी किलो. हे आकडे सुरुवातीलाच देते, कारण नंतर घरात जे झालं त्यावर सगळ्यांचं एकमत झालं की गौरवी एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करते. बरोबर आहे. गोष्ट एवढीशीच होती. सहा ग्रॅम.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे. ही बिबट्या पाल, लेपर्ड गेको. मोठेपणी अंगावर ठिपके येतात, पिल्लू असताना पिवळे-काळे पट्टे असतात. हिला पापण्या असतात, त्यामुळे ती तुमच्याकडे बघून डोळे मिटू शकते आणि तुम्हाला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. पायांना चिकटपणा मात्र नसतो. भिंतीवर चढता येत नाही, काचेवर येत नाही. म्हणजे जन्माने पाल, पण उंचावरचा अनुभव शून्य. हे मी घरात सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. आमच्या घरात मान डोलावणं हा व्यायाम आहे.

ती मला सुदेशने दिली. सुदेश माझ्या कॉलेजचा, पेडण्याचा. त्याच्या एका खोलीत पाली आहेत आणि दुसऱ्या खोलीत त्या पालींवरून त्याच्याशी न बोलणारे आईवडील. या पाली दोन-दोन अंडी घालतात. या पिल्लाच्या जोडीचं अंडं फुटलंच नाही. "हे एकटं आहे, नीट सांभाळशील तर ने," सुदेश म्हणाला आणि चार पानं सूचना लिहून दिल्या. खाली वाळू नको, कागद घाल. पेटीची एक बाजू गरम, एकतीस अंश, दुसरी थंड. कात टाकायला ओल्या कापसाची डबी. रातकिडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत, आणि देताना कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे. पहिले पंधरा दिवस हात लावायचा नाही. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

पिल्लाच्या नावाने सरकारी नोंदणीचा कागदसुद्धा होता. तो काकांनी दोनदा वाचला. आमचं घर ज्या जमिनीवर आहे तिचा कागद अजून आमच्या नावावर झालेला नाही.

पेडण्याहून कारापूरला यायला मी तीन बसगाड्या बदलल्या. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला डबा, खाली कोमट पाण्याची बाटली. कंडक्टरने गरम डब्याला हात लावून विचारलं, "डब्यांत कितें गो, हून-हून?" मी म्हटलं, "उंडे." आमच्याकडे टणक पाठीच्या गोल पावाला उंडो म्हणतात. म्हापशाला डबा उघडून पाहिला तर आतला प्राणी शेपूट नाकाशी घेऊन गोल झोपला होता. नाव पडलं ते पडलं.

आईने डब्यात डोकावून विचारलं, "घरात होत्या त्या कमी पडल्या?"

"ही वेगळी आहे, आई."

"वेगळी म्हणजे काय, भांडी घासते?"

तरी आईने त्याला सोमवारी रातकिडे खायची सूट दिली. सोमवारी आमच्याकडे मासे शिजत नाहीत, सगळं शिवराक. "तो लहान आहे," आई म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं, या घरात काहीतरी जगू शकेल.

मी सांखळीला औषधांच्या दुकानात काम करते. बाबा कुवेतला असतात आणि फोनवर हवामान विचारतात. त्यामुळे घरात राज्य काकांचं, कृष्णनाथकाकांचं. तीस वर्षं ते खाणीच्या वजनकाट्यावर होते. दहा टनांच्या खालच्या वस्तूला वजन असतं हे त्यांना अजून पटलेलं नाही. लग्न केलं नाही. त्यांचं एकच प्रेम, आमच्या देवळाच्या उत्सवातलं नाटक. मार्गशीर्षात उत्सव, उत्सवात नाटक, नाटकात काका. एकतीस वर्षं भालदार. हातात भाला, तोंडी एक वाक्य: "महाराज, दूत आला आहे." एकतीस वर्षांत दूत कधी उशिरा आला नाही.

पहिल्यांदा ते खरंच चुकून झालं. सोळाव्या दिवशी मी उंडोला बाहेर काढून पेटीतला कागद बदलत होते. तो माझ्या बाहीवर होता. काका जनेलातून येणाऱ्या उजेडात कदेलाला पाठ टेकून वर्तमानपत्रातले मृत्यू वाचत होते. मी वाकले, उंडो घसरला आणि काकांच्या उजव्या खांद्यावर आपटला.

काका उठले ते थेट विहिरीवर. डोक्यावरून आंघोळ केली, ओलेत्यानेच पंचांग काढलं. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं एक पान त्यात असतं, ते काढलं. पुरुषांना उजवी बाजू चांगली, बायकांना डावी. उजव्या खांद्यापुढे लिहिलं होतं, विजय.

अकरा वाजता फोन आला. राजाचं काम करणारे गोकुळदासबाब स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवरून पडून गुडघा फोडून बसले होते. उत्सव चार आठवड्यांवर. राजाची सगळी भाषणं पाठ असलेला माणूस गावात एकच होता, कारण एकतीस वर्षं तो राजाच्या मागे भाला धरून उभा होता.

"गौरवी," काका फोन ठेवून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "ही पाल साधी नव्हे गो."

मी हसले. ही माझी चूक. त्याच दिवशी पेटीला कुलूप लावायला हवं होतं.

त्या फोननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात उंडोने खाणं कमी केलं. रोज पाच रातकिडे खाणारा दोन खाऊ लागला, मग एक. पट्टे काळवंडले. दिवसभर ओल्या डबीत तोंड खुपसून बसायचा. मी सोनाराकडचा छोटा काटा आणून रोज वजन करायला लागले. पाच पूर्णांक नऊ. पाच पूर्णांक आठ. या वयाचं पिल्लू रोज वाढायला हवं, माझं उतरत होतं. मी स्वतःला दोष देऊन घेतला. उष्णतामापक बदलला. रातकिड्यांना गाजराऐवजी पालक दिला. दुकानात गिऱ्हाईक खोकत उभं असायचं आणि मी सुदेशला फोन करायचे.

"हाताळतेस का जास्त?" सुदेशने विचारलं.

"वजनापुरता उचलते, तोही डबीसकट."

"मग कोण हाताळतं?"

"कोणीच नाही. घरात सगळे घाबरतात त्याला."

हे मी खात्रीने सांगितलं. पुढे पाच दिवस ही खात्री माझ्याकडे होती. पेटीच्या झाकणावर एकदा जास्वंदीचं फूल सापडलं. मला वाटलं वाऱ्याने आलं. एकदा काचेवर कुंकवाचं बोट होतं. मला वाटलं आईचा हात लागला. माणूस विश्वास ठेवतो तेव्हा त्याच्यापुढे हत्ती उभा करा, तो म्हणेल, भिंतीला पोपडे आलेत.

बुधवारी साडेदहाला वीज गेली. दुकानाच्या मालकांनी चौकशी केली तर कळलं, संध्याकाळपर्यंत येणार नाही. उंडोच्या पेटीखालची गरम गादी विजेवर. थंड पडलेलं पिल्लू खाल्लेलंही पचवू शकत नाही. मी दुकानातली रबरी पिशवी घेतली, शेजारच्या चहावाल्याकडून तिच्यात गरम पाणी भरून घेतलं आणि पोटाशी धरून स्कूटरवरून घरी आले.

दाराबाहेरच्या बाल्कांवावर, बसायच्या ओट्यांवर, सात बायका बसल्या होत्या.

मला वाटलं, कोणीतरी गेलं. पण बायका शेंगदाणे खात होत्या. मयताला आमच्याकडे शेंगदाणे खात नाहीत. मी आत जायला लागले तर शेजारच्या वत्सलाकाकींनी माझा हात धरला. वत्सलाकाकी दोडामार्गच्या, पंचवीस वर्षं इथे आहेत, पण भाषा अजून त्यांनी सीमेवर सोडलेली नाही.

"गे बाय, मधी घुसू नको. माझो चौथो नंबर."

"कसला नंबर?"

त्यांनी वर पाहिलं. मी कोण ते त्यांना कळलं. त्यांनी हात सोडला आणि शेंगदाण्याचं सालपट अतिशय काळजीपूर्वक काढायला घेतलं.

आत हॉलमध्ये स्टुलावर सरस्वती बसली होती. वरच्या वाड्यावरची, लग्न जमत नाही म्हणून काळजीत असलेली. तिने डावा खांदा पुढे काढला होता. मागे काका उभे. काकांच्या हातात आमटी वाढायची दवली. दवलीत उंडो. काका दवली हळूहळू तिरपी करत होते आणि उंडो चारही पायांनी लाकडाला धरून मागे सरकत होता. माझ्या आईच्या हातात पंचांग होतं, बोट घालून उघडलेलं.

"भावजी, जरा डावीकडे," आई म्हणाली. "मानेवर पडला तर वेगळं लिहिलंय."

मी आयुष्यात एवढ्या जोराने रबरी पिशवी फेकलेली नाही. ती काकांना लागली नाही, भिंतीला लागली. सरस्वती किंचाळली. मी दवली काढून घेतली, उंडोला दोन्ही तळहातांत धरलं.

"किती दिवस?"

सरस्वतीने खांदा झाकून घेतला.

"काका, किती दिवस?"

"मंगळवार-शुक्रवार नाही करत," काका म्हणाले.

"दिवसाला किती वेळा?"

"नंबराप्रमाणे. आठाच्या वर घेत नाही. मलापण कळतं, लहान आहे तो."

आठ. दिवसाला आठ वेळा पडणं. मी मनात गुणाकार सुरू केला आणि थांबवला. त्याचं उत्तर कळलं असतं तर मला कोणाचा तरी गुडघा फोडावा लागला असता.

"काका, पाल पडते. पाडत नाहीत."

"पंचांगात 'पडल्यास' लिहिलंय. कशी पडली ते विचारलेलं नाही." काका शांत होते. वजनकाट्यावर ट्रकवाल्यांशी बोलायचा त्यांचा हा आवाज. "नारळ माडावरून आपण पडला काय आणि पाडेल्याने चढून काढला काय, खोबरं तेच ना गो?"

"नारळ आठ वेळा पाडून बघा, मग सांगा खोबरं राहतं का!"

"बघ बाये, लोक आशेनं येतात. मी कोणाकडून एक फूलसुद्धा मागत नाही. आपल्या घरात देवानं एवढं दिलंय..."

"देवाने नाही, सुदेशने दिलंय. पेडण्याच्या सुदेशने. आणि हात लावू नको असं लिहून दिलंय, खाली दोन रेघा मारून!"

मग मी आईकडे वळले. "तू पण?"

"मी फक्त पंचांग धरते," आई म्हणाली.

"तुझ्यावर नाही पाडला?"

आईने पंचांग मिटलं. बाल्कांवावरून वत्सलाकाकींचा आवाज आला, "गे, सगळ्यात पयलो नंबर तिचोच होतो!"

आईला बाबांची बदली हवी होती. कुवेतहून कुठेतरी जवळ. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. पालीला सांगितलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या क्षणी माझ्यात जागा नव्हती. मी उंडोला घेऊन माझ्या खोलीत गेले, पेटी आत नेली, बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं, आणि काकांना देव्हाऱ्यासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. काकांनी शपथ घेतली. खणखणीत आवाजात, राजासारखी. हे मला नंतर जाणवलं. ते तालीम करत होते.

एक किल्ली माझ्याकडे होती. दुसरी आईकडे, कारण केर काढायला लागतो.

दहा दिवस कोणी उंडोला हात लावला नाही. तो पुन्हा खाऊ लागला. एक, मग दोन, मग चार. पाच पूर्णांक नऊ, सहा, सहा पूर्णांक तीन. शेपूट भरली. या पालींची शेपूट म्हणजे त्यांचं कोठार. खाल्लेलं सगळं तिथे साठतं, वाईट दिवसांत तिथूनच निघतं. शेपूट जाडी झाली की पिल्लू वाचलं. मी सुदेशला फोटो पाठवला. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, जो त्याच्या बाबतीत मिठीसारखा असतो.

नाटकाच्या आदल्या दिवशी मी जेवायला घरी आले तेव्हा माझ्या खोलीचं दार उघडं होतं. कुलूप कडीला लोंबत होतं, किल्ली त्यातच.

काका माझ्या पलंगावर बसले होते. डोकं मागे टाकलेलं, कपाळ छताकडे, डोळे मिटलेले. कपाळापुढे पंचांगात काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं, कारण त्या बुधवारनंतर मी ते पान अख्खं वाचलं होतं. कपाळ: राज्यप्राप्ती.

"काका."

त्यांनी डोळे उघडले. "गौरवी, ऐक. काहीएक झालेलं नाही."

त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ शेपूट वळवळत होती. नुसती शेपूट. जाड, पट्ट्यांची, दहा दिवसांची सगळी जेवणं आत असलेली. ती उड्या मारत होती. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"मी हळूच धरलं होतं," काका म्हणाले. "शेपटीला. सटकू नये म्हणून."

उंडो पलंगाच्या पायामागे सापडला. मागचा भाग उघडा, लाल, एखादं देठ खुडल्यासारखा. मी त्याला स्वच्छ कागदावर ठेवत होते, आणि मागून पानं उलटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. काका पंचांग बघत होते.

"डाव्या पायावर पडली," ते स्वतःशीच म्हणाले. "पण शेपटीचं वेगळं फळ दिलेलं दिसत नाही. धरायची की नाही?"

यानंतर मी काय बोलले ते लिहीत नाही. वत्सलाकाकींना पाठ आहे, त्या कोणालाही म्हणून दाखवतात. आई दारात येऊन उभी राहिली. "एकदाच म्हणाले ते," ती म्हणाली. "उद्या एवढं मोठं काम. रात्रभर झोपले नाहीत गो. मला दया आली."

"दया यायला घरात सहा ग्रॅमचं पण कोणीतरी होतं, आई."

म्हापशाला एक डॉक्टर आहेत, ते पक्षी आणि असले प्राणी बघतात. त्यांनी भिंगातून जखम पाहिली. स्वच्छ तुटलीय म्हणाले, भरून येईल, नवी शेपूटही येईल, थोडी ओबडधोबड. "पण आता याच्याकडे शिल्लक काही नाही. खाल्लं तर जगेल. जबरदस्तीने भरवू नका, घाबरलेलं पिल्लू उलटी करून टाकतं. गरम ठेवा, शांत ठेवा, समोर अन्न ठेवा."

"किती दिवस थांबू?"

"याच्या वयाला? आठवडा म्हणजे खूप झाला."

काट्यावर चार पूर्णांक नऊ.

नाटकाला मी गेले नाही. आमच्या घरात उत्सवाच्या नाटकाला न जाणं म्हणजे स्वतःच्या लग्नाला न जाण्यासारखं आहे, फक्त लग्नाचं कारण लोक समजून घेतात. मला मनापासून वाटत होतं की काका विसरावेत. पहिल्याच प्रवेशात. भाषणाच्या मधोमध. आणि तिथे त्यांनी चुकून म्हणावं, महाराज, दूत आला आहे.

काका विसरले नाहीत. काकांनी रंगमंच हलवला. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी काकांचं कौतुक करायचा आणि मग चिठ्ठी काढायचा. राजाने पुत्राला निरोप दिला तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले गोकुळदासबाब प्लास्टर लावलेला पाय विसरून उभे राहिले म्हणे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेला धाकू मला म्हणाला, "गो, तुझ्या पालीन नांव काडलें!"

"गोळ्या जेवणानंतर घ्या," मी म्हटलं. त्या जेवणाआधी घ्यायच्या होत्या. मी त्याला परत बोलावून नीट सांगितलं, पण बोलावायला जरा वेळ लावला.

उंडोने पहिल्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी रातकिडा त्याच्या नाकावरून चालत गेला, त्याने पापणी मिटली. चार पूर्णांक सात. चार पूर्णांक सहा. मी घरात कोणाशी बोलत नव्हते. आई माझं ताट दाराबाहेर ठेवायची, मी उचलायचे. आम्ही दोघं, मी आणि उंडो, आपापल्या पेटीत होतो.

पाचव्या दिवशी मी घरीच होते. दुपारी दारावर टकटक झाली. काका. कानामागे अजून नाटकाचा रंग होता. तो बहुतेक त्यांनी मुद्दाम ठेवला होता.

"नार्व्याहून बोलावणं आलंय," ते म्हणाले. "त्यांच्या उत्सवाला. राजाचंच काम. माझं नाव ऐकून बोलावलंय."

मी पेटीचं झाकण नीट केलं.

"पुढल्या शनिवारी." काका उंबऱ्यावरच घुटमळले. "म्हणून म्हटलं... बरा झाला का तो?"

"का?"

"एकदाच. शेपटीला हात लावणार नाही. आता शेपूट नाहीच म्हणा. तळहातावर घेऊन नुसतं कपाळाला..."

मी उठले. काटा उचलला आणि त्यांच्या नाकापुढे धरला. त्याच्यावर काही नव्हतं, आकडा शून्य दाखवत होता. माझ्या रागाने तेवढं बघितलं नाही.

"हे वजन तुम्हाला दिसत नाही ना? तीस वर्षं ट्रक मोजलेत तुम्ही. पाच दिवस तो उपाशी आहे, काका. तुमच्या राज्यासाठी. आणि तुम्हाला राजा त्याने केलंच नाही! गोकुळदासबाबच्या गुडघ्याने केलं!"

"मग त्या रात्री एवढं जमलं कसं?" काकाही चढ्या आवाजात बोलले. "एक शब्द अडला नाही माझा. एक शब्द! मी भालदार गो. मला कसं जमलं?"

"एकतीस वर्षं पाठ आहे म्हणून! तुम्ही आंघोळीला जाताना म्हणता, नारळ किसताना म्हणता. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून राजाचं भाषण मला पाठ आहे, ते कोणामुळे? गोकुळदासबाब आमच्या न्हाणीघरात येत नाहीत! तुम्हाला येतं ते काम. येतं! आणि ते स्वतःला येतं असं म्हणायची तुमची हिंमत नाही म्हणून तुम्ही सात आठवड्यांचं पिल्लू दवलीतून पाडता!"

मला त्यांची स्तुती करायची अजिबात नव्हती. मी शिव्या द्यायला उठले होते. तोंडातून हे आलं आणि त्यामुळे मला आणखीच राग आला.

काका दाराच्या चौकटीला टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि नार्व्याला विसरलो तर?"

"तर विसराल. लोक हसतील. घरी याल."

"एवढंच?"

"एवढंच. मरणार नाही तुम्ही. तो मरेल."

काकांनी पहिल्यांदाच पेटीकडे नीट पाहिलं. दोन पावलं पुढे आले, खाली वाकले, आणि बोट काचेशी नेलं. काय करणार होते कोण जाणे. कदाचित नमस्कार.

उंडो ओल्या डबीतून बाहेर आला. चारही पाय ताठ करून उंच झाला, पाठीची कमान केली, नसलेली शेपूट हलवली, जबडा फाडला आणि किंचाळला. एवढासा जीव, आणि आवाज असा की बिजागरी गंजलेलं दार कोणीतरी रागाने उघडावं. पिल्लं असं करतात हे सुदेशच्या कागदावर नव्हतं.

काका मागे सरकले, कदेलाला अडखळले. "काय म्हणतो?"

"शिव्या देतोय."

"मला?"

"दुसरं कोण आहे इथे?"

उंडो पुन्हा किंचाळला. काकांनी खाली मान घातली. एवढ्या मोठ्या माणसाला चार पूर्णांक सहा ग्रॅमकडून बोलणी खाताना मी पाहिलं, आणि मी मध्ये पडले नाही.

"मी थांबू इथे?" काकांनी विचारलं. "काही लागलं तर..."

"नको."

ते गेले. जाताना दार ओढून घेतलं, आणि आईकडून घेतलेल्या दुसऱ्या किल्लीचा आवाज आला. त्यांनी ती दाराच्या फटीतून आत सरकवली.

मी चिमट्याने एक रातकिडा पावडरीत घोळवून पेटीत सोडला. तो कागदावरून धावला. उंडो अजून ताठ उभा होता, छाती भात्यासारखी हलत होती. त्याने मान वळवली. एक पाय उचलला, थांबला, आणि झडप घातली. दोन वेळा चावलं, डोळे मिटून गिळलं. रातकिड्याचा मागचा पाय थोडा वेळ ओठाबाहेर राहिला, मग तोही गेला.

दाराबाहेर काका उभे होते, गेलेच नव्हते. "गौरवी? खाल्लंन?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना थोडं उशिराच कळू दे. मी दुसरा रातकिडा पावडरीत घोळवायला घेतला.